तीन ठिपक्यांचं इंजिन

कडूबा भोई मारुतीच्या देवळात जाताना एक चप्पल पायरीशी काढायचा आणि दुसरी पार पलीकडच्या पिंपळाखाली. चोराला जोड सापडायला नको! दर्शन घेऊन बाहेर आला की आधी पायरी, मग पिंपळ, असा एका पायात चप्पल घालून फेरा व्हायचा आणि उन्हाळ्यात दुसरा पाय चांगला भाजून निघायचा. पण चप्पल काही कधी चोरीला गेली नाही. टायर कापून त्यानं स्वतःच शिवलेली ती चप्पल फुकट दिली असती तरी कुणी नेली नसती, हे त्याला सांगायच्या भानगडीत मात्र गावातलं कुणी पडलं नाही.

सांगून उपयोगही नव्हता. एसटीत तिकीट घेतलं की हा मागच्या माणसाच्या तिकिटाचा नंबर विचारणार. दवाखान्यात डॉक्टरनं सुई भरली की "बाटली बघू" म्हणणार. अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, आकडे तेवढे यायचे. तरी बाटली उलटीसुलटी करून बघायची आणि मगच दंड पुढं करायचा. डिझेलच्या डब्यात रोज काठी बुडवून ती कुठवर भिजते ते पाहायचा. आवडाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "अवं, घरात तुमी आन् मी. डिझेल काय मी भाजीत घालती व्हय?" यावर कडूबा भाजीचा वास घ्यायचा.

आता माणूस जन्मतः असा नसतो. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा कडूबा पाचेक वर्षांचा होता आणि त्या वयात इतर पोरांसारखाच, कुणीही गूळ दिला की खाणारा होता. बिघडला तो पुढं, धरणाच्या वेळी. पैठणला धरण बांधायला घेतलं आणि गंगापूर तालुक्यातल्या काठच्या गावांना वर सरकावं लागणार असं ठरलं. गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. तर ही गंगा फुगून कुठवर येणार यावर पारावर रोज वाद चालायचे. तेव्हा गावातले सर्वांत शहाणे गृहस्थ तात्यासाहेब यांनी चुन्याची बादली मागवली आणि एका मोठ्या लिंबाच्या खोडावर स्वतःच्या हातानं पट्टा ओढला. पाणी इथवर येईल, याच्या वर खुशाल घरं बांधा, म्हणाले. कडूबानं पट्ट्याच्या वर दोन हात सोडून घर बांधलं. धरण पहिल्यांदा भरलं तेव्हा त्याच्या चुलीत मासा सापडला. तात्यासाहेबांचं घर तेवढं टेकाडावर कोरडं ठणठणीत होतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कडूबा त्या सालापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. दुसऱ्याच्या खुणेवर जायचं नाही, खूण करायची तर आपली आपण, हे त्यानं तेव्हा मनाशी पक्कं केलं आणि पुढची सगळी हकिगत या एका शहाणपणातून झाली.

धरणानं घर नेलं तसा धंदाही दिला. आधी उन्हाळ्यात लोक गंगा चालत ओलांडायचे. आता मधे पाऊण तासाचं पाणी झालं. पलीकडचा काठ नगर जिल्ह्यातला. सोयरीकी सगळ्या तिकडच्या, बाजार आणि एसटी इकडची, आणि सडकेनं फिरून जायचं तर अर्धा दिवस मोडणार. कडूबानं मोठी होडी बांधून घेतली आणि तिच्यात विहिरीवर बसवतात तसलं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बसवलं. पंच्याहत्तर साली नवं कोरं घेतलेलं. हँडल मारलं की त्याचा टकटक आवाज पलीकडच्या काठावर ऐकू जायचा आणि तिकडच्या बाया भाकरी तव्यावरून उतरवून गाठोडं बांधायला घ्यायच्या. गावानं घाट, म्हणजे माणसं पार नेण्याचा हक्क, कडूबाकडे दिला आणि कडूबाचं आयुष्य त्या टकटकीला बांधलं गेलं.

इंजिन म्हटलं की मिस्त्री आला, आणि मिस्त्री म्हटलं की कडूबाच्या मनात पाल चुकचुकली. इंजिन उघडल्यावर मिस्त्री आतला चांगला माल काढून घेतात आणि कुणाचा तरी जुना त्यात घालून देतात, हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. कुठं ऐकलं ते त्याला आठवत नव्हतं, पण वाईट गोष्ट खरी असायला पुरावा लागत नाही. म्हणून पहिल्यांदा इंजिन उघडायची वेळ आली तेव्हा तो लोखंडावर ठिपका पाडायचा पंच आणि हातोडी घेऊनच गेला. गंगापूरच्या स्टँडमागं हबीब मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. हबीब कडूबाच्याच वयाचा, कमी बोलणारा, कानात अत्तराचा फाया आणि नखांत काळं तेल. त्यानं एकेक भाग काढून गोणपाटावर मांडला आणि कडूबानं प्रत्येकावर पंच ठेवून तीन ठोके मारले. बेलाच्या पानासारखे तीन ठिपके. पिस्टनवर मारले, रॉडवर मारले, जिथं हात पोचला तिथं मारले.

"ये क्या कर रा?" हबीबनं विचारलं.

"खूण. माझा माल मला वळखता यावा म्हणून."

हबीबनं त्याच्याकडं पाहिलं, ठिपक्यांकडं पाहिलं, आणि "ठीक है" म्हणून तो पुन्हा कामाला लागला.

तेव्हापासून दर वर्षी पावसाच्या आधी इंजिन हबीबकडं जायचं. जोडताना कडूबा उलट्या डब्यावर बसून एकेक भाग हातात घ्यायचा, तीन ठिपके आहेत का बघायचा आणि मगच परत द्यायचा. ठिपके दर वेळी असायचे. हबीब दर वेळी वायसर, पॅकिंग असलं काहीबाही बदलल्याचं सांगून त्याचे पैसे घ्यायचा, आणि एवढे वायसर इंजिन खातं की काय म्हणून कडूबा कुरकुरायचा. पण ठिपके जागेवर होते, म्हणजे माल आपला होता. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

अशी चौदा वर्षं गेली. एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात इंजिन थकलं. आधी धूर काळा झाला, मग हँडल मारता मारता कडूबाचे खांदे भरून यायला लागले. चैत्रात ते दोनदा भर पाण्यात बंद पडलं. तिसऱ्यांदा पडलं ते वऱ्हाड होडीत असताना. वारा असा सुटला की होडी दोन तास भलतीकडंच वाहत गेली. नवरदेवाला उलट्या झाल्या, मुहूर्त टळला आणि नवरीच्या बापानं काठावर येऊन कडूबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माणसं वाचली हे नशीब.

त्या संध्याकाळी तात्यासाहेबांनी पारावर कडूबाला बोलावलं. गावातलाच दुसरा भोई, बन्सी, तिथं आधीच येऊन बसला होता. बन्सीनं नवी होडी केली होती, इंजिनही नवं होतं, आणि तो फार अदबीनं गप्प होता.

"कडूबा," तात्यासाहेब म्हणाले, "पुढच्या शनिवारच्या बाजारापर्यंत इंजिनाचं काय ते कर. नीट कर, नाय तर नवं घे. हे दोन्ही नाय झालं तर घाट बन्सीकडं. लोकांचा जीव हाय, बाबा."

कडूबा घरी आला तो एकच हिशेब करत. बन्सीनं आधीच तात्यासाहेबांच्या कानाला लागून ठेवलंय. कुठंतरी पाणी मुरतंय. पण पाणी मुरत असलं तरी शनिवार सरकणार नव्हता. घाट गेला तर कडूबा भोई म्हणजे नुसता भोई, जाळं टाकून चार मासे धरणारा. आणि काठावर बसून दुसऱ्याची टकटक ऐकायची. ते त्याला मरणाहून वाईट वाटत होतं.

सोमवारी त्यानं हबीबला घाटावर आणलं. हबीबनं इंजिनाला हात लावला, कान लावला, खाली बोट फिरवलं, आणि म्हणाला, "कडूबा, अब इसमें दम नहीं. नवं घे."

झालं. चौदा वर्षं हा माणूस "करून देतो, करून देतो" म्हणत आला आणि आजच बरं याला नवं सुचलं! नवं इंजिन म्हणजे औरंगाबादेत मोंढ्यातल्या, म्हणजे घाऊक बाजारातल्या, दुकानातून येणार. म्हणजे दुकानदार याला काहीतरी देणार. आणि जुनं इंजिन भंगार म्हणून कोण नेणार? हाच. आतला चौदा वर्षं राखलेला अस्सल माल याच्या घशात जाणार. कडूबाला सगळं आरशासारखं लख्ख दिसलं. असल्या वेळी त्याचं डोकं फार चालायचं, हीच तर पंचाईत होती.

"बघू," तो म्हणाला.

मंगळवारी, हबीबला कळू न देता, त्यानं इंजिन होडीतून काढलं आणि कांद्याच्या गोण्या नेणाऱ्या टेम्पोत घालून थेट औरंगाबादला नेलं. वाटभर इंजिनाला पाठ लावून बसला. जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं, मिस्त्र्यांच्या शेडची रांग होती. कुणाला "चांगला मिस्त्री कोणता" म्हणून विचारायचं नाही, हे ठरलेलं. नाव सांगणारा पैसे खातो. रांगेतून जाताना लोक "या काका, या मामा" करत होते. बोलावतो तो लुबाडतो. शेवटच्या शेडमधल्या माणसानं मात्र मान वर करूनही पाहिलं नाही. कडूबा तिथं शिरला. त्या माणसाचं नाव रामकिसन. त्यानं दोनदा "येळ नाय" म्हटल्यावर कडूबाचा त्याच्यावर थोडा विश्वास बसला.

रामकिसननं दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन उघडलं. पिस्टन बाहेर आला. कडूबानं तो हिसकावूनच घेतला, कापडानं पुसला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तीन ठिपके. जागेवर. त्यानं ते रामकिसनला अभिमानानं दाखवले.

"माझी खूण हाय. चौदा वर्सांचा वरिजिनल माल. आता सांग, याला दुरुस्त कसं करायचं."

रामकिसननं पिस्टन उजेडात धरला, उलटा केला, आत बोट घातलं.

"इंजिन कवाचं म्हणालात?"

"पंच्याहत्तरचं."

"पिस्टन चौऱ्याऐंशीचा हाय, काका. हे बघा, साच्यातच साल पाडलेलं असतं." त्यानं आतल्या अंगाला उठलेले आकडे दाखवले. आकडे कडूबाला येत होते. आठ. चार.

"मग ही खूण?"

"खूण कुनी बी मारंल. पर मारणारा हुशार हाय. ठिपके मारून वर दगडानं घासून गुळगुळीत केलंय." रामकिसन बाकीचे भाग बघत गेला. पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं, म्हणजे लायनर, तेही बदललेलं. रॉड बदललेला. सगळीकडं तीन-तीन ठिपके. "तुमच्या मूळ इंजिनाचं नुसतं अंग राहिलंय, काका. आन् त्या अंगालाच पायापाशी चीर गेलीय. मागं एकदा वेल्डिंग केलेलं दिसतंय. आता परत नाय धरणार. नवंच घ्या. पर ज्यानं हे सांभाळलंय त्याचा हात चांगला हं."

शेवटचं वाक्य कडूबाच्या कानात शिरलंच नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला आनंद झाला होता. हो, आनंदच. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली तो चोर शेवटी सापडला होता. आपली खूण दुसऱ्या मालावर मारून, आपल्यासमोर बसून, तो आपल्याच हातात देत होता! एकदा वाटलं, रामकिसनही नवं घ्या म्हणतोय, हे दोघं आतून एक तर नसतील? पण रामकिसनला हबीबचं नावही ठाऊक नव्हतं. कडूबानं पिस्टन पिशवीत घातला, इंजिन तिथंच ठेवलं आणि गुरुवारी पहिल्या एसटीनं गंगापूर गाठलं.

स्टँडवरून तो जवळजवळ धावतच गेला. हबीब शेडसमोर तोंड धूत होता. कडूबानं पिस्टन त्याच्या पायाशी आदळला.

"चोर! चौदा वर्सं माझं खाल्लंस. माझा माल कुठं इकलास, बोल!"

शेजारच्या टपरीवरचे चहा पिणारे उठून आले. हबीबची बायको कमरुन्निसा दाराशी आली आणि डोक्यावरचा पदर सावरत तिथंच थांबली. हबीबनं पिस्टन उचलला, आतले आकडे पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावर रागाऐवजी काहीतरी कंटाळ्यासारखं आलं.

"दुसरीकडं खोललंस?"

"खोललं! समजलं मला समदं!"

"बरं झालं," हबीब म्हणाला. तो आत गेला. माळ्यावरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला आणि तो एक गोणी घेऊन बाहेर आला. तोंडाला सुतळी बांधलेली, वर धुळीचा थर. त्यानं गोणी कडूबासमोर रिकामी केली. पिस्टन, तुटक्या रिंगा, लायनर, रॉड. गंजलेले, झिजलेले. कडूबा खाली बसला. एकेक उचलत गेला. प्रत्येकावर तीन ठिपके होते, आणि हे ठिपके वाकडेतिकडे, त्याच्या स्वतःच्या हाताचे होते. आपला हात माणूस ओळखतो.

"इकलं नाय," हबीब म्हणाला. "एक दिवस तू इचारशील म्हणून ठेवलं. एक वायसर बी फेकला नाय."

"मग बदललं कशाला?"

हबीबनं जुना पिस्टन त्याच्या हातात दिला. "ठिपक्यावर नख ठेव. आता खाली आण."

कडूबानं नख ठेवलं. ठिपक्यापासून खाली एक चर गेला होता, नांगराच्या तासासारखा सरळ. तिन्ही ठिपक्यांपासून तीन चर. लायनरच्या आतल्या अंगालाही तसेच तीन.

"पंच मारला की खड्डा पडतो, बरोबर? पर खड्ड्याच्या कडेला लोखंड वर येतं. केसाएवढं. आन् पिस्टन न् लायनरमधी केसाएवढी बी जागा नसती. तुझी खूण रोज लायनर कापत होती, कडूबा. पयल्याच वर्षी कापलं. मी म्हणलो, दगडानं घासू. तर तू दुसऱ्या वर्षी त्याच्या शेजारी परत नवे मारलेस."

कडूबाला ते आठवलं. जुने ठिपके पुसट वाटले म्हणून मारले होते.

"पिस्टन बदल म्हणलो आसतो, तर तू काय म्हणला आसतास? माझा वरिजिनल माल काढून घेतो म्हणला आसतास. म्हणून मीच नवा घालायचो आन् तुझी खूण त्याच्यावर मारून घासून ठेवायचो. तुझं समाधान. पैसे वायसरच्या नावानं घ्यायचो."

पण संशय ही काही गोणीसारखी एका झटक्यात रिकामी होणारी वस्तू नव्हे. त्याचं डोकं परत चालायला लागलं. एखादा माणूस चौदा वर्षं दुसऱ्यासाठी एवढं उगाच करील? जगात असं कुठं असतं?

"तुझा काय फायदा याच्यात?" त्यानं विचारलं. विचारताना त्याची त्यालाच लाज वाटली, पण विचारलं.

हबीब आता मात्र चिडला. "अख्तरी! माझी बहीण. तुझ्या पलीकडच्या काठाला दिलीय ना ती? लेकरं घेऊन ईदला तुझ्याच होडीत बसून येती ना? तिथं बंद पडलं तर पोहून येईल का ती? तुझं इंजिन मी तुझ्यासाठी नाय बांधलं!"

गंमत बघा. हबीब देवासारखा वागला असं कुणी सांगितलं असतं तर कडूबानं ते जन्मात मानलं नसतं. त्यानं आपला स्वार्थ सांगितला तेव्हा कडूबाचा त्याच्यावर विश्वास बसला. कमरुन्निसानं पाण्याचा तांब्या आणून दिला. कडूबानं तो तसाच, न फुंकता, तोंडाला लावला.

मग कामाचं बोलणं झालं. इंजिनाच्या अंगाला गेलेली चीर हबीबला ठाऊक होती. वेल्डिंग त्यानंच केलं होतं. "एकेक करून आतलं समदं बदललं मी. अंग बदलता येत नाय. अंग बदललं म्हंजे नवंच इंजिन. म्हणून म्हणलो, नवं घे." दिवस राहिला होता एक. शनिवारी बाजार.

कडूबानं बंडीच्या आतल्या खिशातून कापडी पुरचुंडी काढली. तिच्यात त्याचं होतं नव्हतं ते सगळं होतं, आणि ती कुठं ठेवलेली असते हे आवडाबाईलाही माहीत नव्हतं. त्यानं ती हबीबच्या हातात ठेवली.

"मोंढ्यातून तूच आण. मी होडीत फळ्या ठोकून बैठक करून ठेवतो."

"तू चल ना बरोबर."

कडूबाच्या जिभेवर "चल" आलं होतं. त्यानं ते गिळलं. "नगं. मी आलो तर परत दुकानदाराला बाटली उलटी करून दाखव म्हणीन."

शुक्रवारी दिवसभर त्यानं होडीत इंजिनाची बैठक ठोकली. दुपार झाली. टेम्पो आला नाही. ऊन कललं, तरी नाही. बन्सी येऊन एकदा विचारून गेला, "काय कडूबादादा, इंजिन कुठवर आलं?" कडूबा म्हणाला, "येतंय." आणि आत जे काही कालपासून दाबून ठेवलं होतं ते उसळी मारून वर आलं. सगळे पैसे. एका माणसाच्या हातात. ना चिठ्ठी, ना साक्षीदार. गोणीतला माल जुना होता हे खरं, पण जुना माल दाखवून नवे पैसे घेता येतातच की! तो उठून सडकेपर्यंत गेला, परत आला, परत गेला.

आवडाबाई जाळं दुरुस्त करत बसली होती. "बसा की एका जागी. आज शुक्कार. जुम्म्याची नमाज पढून निघला आसंल. येईल तो."

"तुला काय ठावं, येईल म्हणून?"

"ठावं हाय."

"कसं?"

आवडाबाईनं सुई थांबवली. "त्यो तुमचं इंजिन चोरून नवं करत व्हता ते बी ठावं हाय मला. अख्तरीनं सांगितलं व्हतं. आठ-नऊ वर्सं झाली."

कडूबाला राग आला, मग राग कुणावर करायचा ते कळेना. "आजून कुणाकुणाला ठावं व्हतं?"

"समद्यांला. अलीकडच्या काठाला, पलीकडच्या काठाला. तुमाला सोडून."

"आन् कुणीच मला सांगितलं नाय? तू बी नाय?"

"सांगितलं आसतं, तर फुडच्या वर्षी इंजिन हबीबकडं नेलं आसतं का तुमी?"

कडूबानं तोंड उघडलं. नेलं असतं, असं म्हणायला जागा होती. घरात दोघंच होती आणि खोटं पकडायला तिसरं कुणी नव्हतं.

"नसतं नेलं," तो म्हणाला.

"आन् मला?" तिनं जाळं मांडीवर टाकलं. "मला बी त्याच्यातच धरलं आसतं. पंचवीस वर्सं झाली, अवं. त्या माणसाच्या हातात तुमी काल समदं देऊन आले. माझ्या हातात कधी दिलं न्हाय."

तिनं मान खाली घालून पुन्हा सुई चालवायला घेतली, पण टाका बरोबर पडत नव्हता. कडूबा तिच्या शेजारी जाऊन बसला आणि जाळ्याचं दुसरं टोक ताणून धरलं, म्हणजे तिला टाका घालता यावा.

टेम्पो दिवस मावळता मावळता आला. दिवेलागणीला इंजिन होडीत चढलं आणि हबीब रात्री तिथंच जेवून, राहून, पहाटे पुन्हा कामाला लागला. कडूबा त्याला हवा तो पाना हातात देत होता. पंचाची त्याला आठवणसुद्धा झाली नाही.

शनिवारी सकाळी होडी पलीकडच्या काठाला लागली तेव्हा बाजाराच्या बाया घाटावर उभ्या होत्या. कोंबड्या, भाजीच्या पाट्या, लेकरं. बन्सीची होडी शेजारी मोकळी होती. बाया कुठल्याच होडीत चढेनात. त्या कडूबाकडं बघत होत्या, नव्या कोऱ्या इंजिनाकडं बघत होत्या आणि एकमेकींकडं बघत होत्या. वऱ्हाडाची गोष्ट सगळीकडं झाली होती. शेवटी म्हातारी चतुराबाई पाटी डोक्यावर घेऊन पुढं झाली. तिनं कडूबाला विचारलंच नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडं इंजिनाकडं बघत, जणू तो तिथं नव्हताच अशी, ती म्हणाली:

"इंजिन कुणी बसवलं, बाबा? हबीब मिस्त्रीनं का?"

चौदा वर्षं या बाया आपल्या भरवशावर पाणी ओलांडतात असं कडूबाला वाटत आलं होतं. त्यानं हँडल खाली ठेवलं.

"व्हय, चतुरामावशी," तो म्हणाला. "हबीब मिस्त्रीनंच. आणलं बी त्यानंच, बसवलं बी त्यानंच. मी नुसता चालवतो."

मग म्हातारीनं त्याच्या हाताचा आधार घेतला आणि ती होडीत चढली, आणि तिच्यामागून बाकीच्या.